आमचा नातू ढ नाही!

दिवाळीच्या अंकात भांडण उकरून काढू नये, असा एक जुना संकेत आहे. फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडायचा, दोन विनोदी कथा वाचायच्या, राशिभविष्यावर नजर टाकायची आणि डुलकी काढायची, एवढीच वाचकाची माफक अपेक्षा असते. ती मला ठाऊक आहे. मीही आयुष्यभर दिवाळी अंक याच रीतीने वाचत आलो. तरीही यंदा मला भांडायचे आहे, आणि ज्या गोष्टीवरून भांडायचे आहे ती ऐकून तुमच्यापैकी पुष्कळ जण हसतील. मला व्हिडिओ गेमवरून भांडायचे आहे.

हसून झाले असेल तर पुढे वाचा.

मी सत्तरी गाठलेला माणूस. भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये तेहतीस वर्षे काढली, आणि आता तळवड्याला मुलाच्या घरी राहतो. आमचे तळवडे हे मोठे विचित्र ठिकाण आहे. पलीकडे इंद्रायणी आणि देहू, अलीकडे सॉफ्टवेअर पार्क, आणि चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यावर अवजड गाड्यांची न संपणारी रांग. कार्तिकात पहाटे काकड्याचे टाळ ऐकू येतात आणि पाठोपाठ कंपन्यांच्या बसगाड्यांचे भोंगे. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, सूनबाई शाळेत शिक्षिका, नातू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आणि नात बारा वर्षांची. अशा चार माणसांत पाचवा मी, हातात वर्तमानपत्र घेऊन सर्वांच्या कामात अडथळा आणणारा.

आता प्रकरणाकडे येतो. गेल्या पावसाळ्यात नातवाने संगणकावर एक जपानी खेळ सुरू केला. त्याचे नाव मी मुद्दाम घेत नाही. माझे भांडण कोणा एका दुकानदाराशी नाही, एका चालीशी आहे. खेळ असा : एक योद्धा, उद्ध्वस्त झालेले एक राज्य आणि पावलोपावली त्या योद्ध्याला ठार मारणारे राक्षस. मेला की पुन्हा मागच्या शेकोटीपाशी जिवंत होतो आणि पुन्हा त्याच वाटेने निघतो. शत्रूची तलवार अंगावर आली की कोलांटी मारायची. कोलांटीच्या मधल्या क्षणी, सेकंदाच्या अगदी लहानशा अंशात, योद्ध्याला घाव लागत नाही. तेवढा क्षण साधला की वाचला, नाही तर मेला.

नातू एका पुलावर अडला. पुलाच्या टोकाला एक धिप्पाड राक्षस, आणि त्याच्या हाती आमचा योद्धा रोज मरे. नातवाने एका वहीत मरणांची नोंद ठेवली होती. ती एकोणसाठपर्यंत गेलेली मी स्वतः पाहिली आहे. मी शेजारी खुर्ची टाकून बसत असे. मला खेळ कळत नव्हता, पण कोलांटी कळत होती, आणि माझ्या डोळ्यांना स्पष्ट दिसे की तलवार खाली येण्याच्या आधीच पोराने कळ दाबली आहे. योद्धा जमिनीवर गोल फिरतो आहे, तलवार जणू हवेतून गेली आहे, आणि तरीही रक्ताची पट्टी रिकामी होते! मी म्हणालो, "अरे, हा तर ढळढळीत अन्याय आहे." तर तो म्हणाला, "नाही आजोबा. खेळ बरोबर आहे. माझेच हात मंद आहेत. मी ढच आहे."

वाचकहो, हे वाक्य त्याने हसत म्हटले असते तर मी आज हा लेख लिहिला नसता. त्याच महिन्यात त्याचा एक विषय राहिला होता. पोरगे जेवताना बोलेनासे झाले. आपण सगळीकडेच कमी पडतो, अभ्यासात आणि खेळातही, अशी त्याची समजूत झाली होती. सूनबाईंनी संगणक कपाटात घालून कुलूप लावण्याचा ठराव मांडला, मुलाने त्याला अनुमोदन दिले, आणि घरात दोन दिवस कोणी कोणाशी नीट बोलले नाही.

मग एका रात्री अकरा वाजता तो माझ्या खोलीत आला आणि दिवा लावून म्हणाला, "आजोबा, सापडलं!"

काय सापडले होते? त्या योद्ध्याच्या अंगच्या गुणांची एक यादी असते. शक्ती इतकी, चपळाई इतकी, दम इतका. मिळवलेल्या पुण्याईच्या बळावर यांतला कोणताही आकडा वाढवता येतो. या यादीत एक गुण होता, ज्याचे नाव इतके मोघम की कोणीही शहाणा माणूस त्यावर पुण्याई खर्च करणार नाही : 'परिस्थितीशी जुळवून घेण्याची क्षमता'. आणि कोलांटीतला तो अभय क्षण किती लांब असावा, हे ठरत होते नेमके या आकड्यावरून! आकडा लहान असेल तर क्षण इतका चिमुकला की पडद्यावर कोलांटी पूर्ण दिसते, पण घाव लागतोच. आकडा वाढवला की तीच कोलांटी, तीच कळ, तीच बोटे, आणि योद्धा सहीसलामत. हे कोठे लिहिले होते? सरळ शब्दांत कोठेच नाही. जगभरच्या खेळणाऱ्यांनी खेळाच्या चित्रफिती एकेक चित्र थांबवून मोजल्या, वेगवेगळ्या आकड्यांवर पुन्हा पुन्हा मार खाऊन पाहिला, तेव्हा हा नियम बाहेर आला.

नातवाने आकडा वाढवला आणि दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या प्रयत्नात, पूल ओलांडला. मी विचारले, "आनंद झाला?" तो म्हणाला, "झाला. पण आजोबा, एकोणसाठ वेळा मी स्वतःला शिव्या दिल्या, त्यांचं काय?"

त्याच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, पण एक आठवण होती. ती इथे सांगतो, म्हणजे एका म्हाताऱ्याने खेळण्यावरून एवढे रान का उठवावे हे तुम्हाला कळेल.

मी आयटीआय करून पहिल्यांदा कामाला लागलो तो एका कारखान्यात टेंपररी म्हणून. सात महिने लेथवर जीव ओतून काम केले. सुपरवायझर पाठीवर थाप मारून म्हणे, "असंच काम कर, कायम करू." सात महिने भरले आणि एका शनिवारी हातात ब्रेक. दोन महिन्यांनी पुन्हा बोलावले, पुन्हा सात महिने, पुन्हा ब्रेक. मी रात्र रात्र जागून विचार करी की माझ्या कामात कोठे खोट आहे? फिनिश कमी पडते का? माप चुकते का? मी घरी तोंड दाखवायला लाजत असे. शेवटी एका म्हाताऱ्या फिटरने चहाच्या टपरीवर मला बाजूला घेतले आणि सांगितले, "पोरा, तुझं काम चांगलं आहे. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की कायद्यानं सलग नोकरी धरतात. ते भरू द्यायचे नाहीत, म्हणून ब्रेक. तू लेथ सोन्याचा केलास तरी ब्रेक मिळणारच."

1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात त्या 240 दिवसांचे कलम होते. ते कामगाराच्या रक्षणासाठी घातलेले होते. पण ज्याला ते ठाऊक नाही त्याच्यावर तेच उलटत असे. मला त्या दिवशी संताप आला, हे खरे. पण त्याच्याही आधी काय आले, सांगू? सुटकेचा नि:श्वास आला. म्हणजे मी ढ नव्हतो! माझी बोटे मंद नव्हती! नियम निराळाच होता आणि तो मला कोणी सांगितला नव्हता. पन्नास वर्षांनी नातवाच्या तोंडावर मी तोच नि:श्वास पाहिला, आणि म्हणून लेखणी उचलली.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारण ती बाजू माझ्याच घरात राहते. मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही मोटारीत बसता तेव्हा इंजिनाचा नकाशा मागता का? सगळे नियम उघडे केले तर लोक खेळायचे सोडून हिशेब करत बसतील. थोडं झाकावंच लागतं. आणि पुष्कळदा ते खेळणाऱ्याच्या भल्यासाठीच झाकलेलं असतं."

हे म्हणणे पोकळ नाही. 2005 साली आलेल्या 'रेसिडेंट ईव्हिल 4' या भुताखेतांच्या खेळात तुम्ही वारंवार मरू लागलात तर खेळ गुपचूप सौम्य होतो, आणि फार सफाईने खेळू लागलात तर गुपचूप कठोर होतो. लाखो लोकांनी तो आनंदाने खेळला आणि हे त्यांच्या लक्षातही आले नाही. 'सिव्हिलायझेशन' या साम्राज्यांच्या खेळाचे जनक सिड मायर यांनी 2010 साली सान फ्रान्सिस्कोच्या परिषदेत जाहीरपणे सांगितले होते, की तीनास एक असे बळ आपल्या बाजूने असूनही खेळणारा हरला की तो खेळालाच लबाड म्हणतो. चारांतून एकदा हरणे हे गणिताने बरोबर असले तरी त्याच्या मनाला ते पटत नाही. मग खेळ रचणाऱ्याला गणितापेक्षा मनाकडे पाहून आकडे वळवावे लागतात. 'फायर एम्ब्लेम' मालिकेतल्या 2002 च्या खेळात तर पडद्यावर 'वार लागण्याची शक्यता 90 टक्के' असे दिसे, आणि आतमध्ये दोन यादृच्छिक आकड्यांची सरासरी काढून निवाडा होत असे. त्यामुळे प्रत्यक्षात ती शक्यता पडे सुमारे 98 टक्के! उलट 25 टक्के दिसत असेल तर खरी शक्यता जेमतेम साडेबारा. म्हणजे खेळ गणितात खोटे बोलून माणसाच्या भाबड्या समजुतीला खरे करत होता.

मुलगा विचारतो, यात कोणाचे काय बिघडले? तुम्हीही आम्हाला लहानपणी भिकार-सावकारात मुद्दाम जिंकू द्यायचात ना?

द्यायचो. पाच वर्षांच्या पोराला पत्त्यांत जिंकू देणारा बाप मी होतो, आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण तोच मुलगा बारा वर्षांचा झाला तेव्हा त्याने एके दिवशी मला पत्ता लपवताना पकडले आणि रडत उठून गेला. 'बाबा, म्हणजे मी आधी जिंकलो तेही खोटं होतं?' असे त्याने विचारले होते. तो ते विसरला आहे. मी विसरलेलो नाही. दयेने बोललेले खोटे लहानपणी औषधासारखे लागू पडते, पण त्याची मुदत असते. ती संपल्यावर पाजले की मागचे सगळे विजयही नासतात.

शिवाय प्रत्येक लपवलेला नियम दयाळूच असतो, हे कोणी सांगितले? 2009 च्या 'डीमन्स सोल्स' या खेळाचे उदाहरण घ्या. या अवघड खेळांच्या घराण्याचा तो मूळ पुरुष. तिथे तुम्ही सदेह अवस्थेत मेलात की त्या प्रदेशाचा कल काळोखाकडे झुकतो आणि शत्रू आणखी बळकट होतात. म्हणजे जो पडला त्याला आणखी पाडायचे! एवढेही चालेल, काही डाव निर्दय असतात. पण हा कल कसा झुकतो आणि कसा सावरतो हे खेळ नीट सांगत नव्हता, आणि नवखा खेळाडू आपल्याच मरणांनी आपली वाट अवघड करत पुढे जात होता. बुडणाऱ्याच्या कमरेला दगड बांधायचा आणि वर तोंड करून म्हणायचे, पोहायला शीक!

मी टूलरूमचा माणूस. मला अवघडपणाचे भय नाही. एक शतांश मिलिमीटरच्या मर्यादेत जॉब बसवायचा म्हणजे काय असते ते माझ्या बोटांना अजून आठवते. पण ती मर्यादा ड्रॉइंगवर लिहिलेली असे. इन्स्पेक्शनच्या टेबलावर दोन गेज पडलेले असत. एक आत गेला पाहिजे, दुसरा जाता कामा नये. जॉब रिजेक्ट झाला तर मी स्वतः ते गेज उचलून लावून पाहू शकत होतो, आणि मग कितीही वाईट वाटले तरी मान खाली घालून दुसरा जॉब चढवत होतो. समजा, एखाद्या इन्स्पेक्टरने गेज खिशात ठेवून 'रिजेक्ट, रिजेक्ट' एवढेच म्हटले असते, तर? पहिल्या दिवशी आम्ही चूक शोधली असती, दुसऱ्या दिवशी नशिबाला दोष दिला असता, तिसऱ्या दिवशी स्वतःला. चौथ्या दिवशी चांगला कारागीर काम सोडून गेला असता. अवघड काम माणसाला घडवते, कारण त्यात चूक कोठे झाली ते कळते. चूकच कळू दिली नाही, तर तो नुसता छळ झाला. त्यात कोणी घडत नाही.

"पण मग खेळात गूढ काही राहायचंच नाही का?" नातवानेच मला हा प्रश्न विचारला, आणि तो मला मुलाच्या प्रश्नापेक्षा अवघड गेला. तो म्हणाला, "आजोबा, ते गुपित सापडलं त्या रात्री जेवढी मजा आली तेवढी आधी कधीच आली नव्हती."

खरे आहे. 1984 साली जपानात 'टॉवर ऑफ ड्रुआगा' नावाचा एक खेळ निघाला. साठ मजल्यांचा मनोरा, आणि मजल्यामजल्यावर लपवलेली पेटी. ती कशाने उघड होईल याचा पत्ता नाही. कोठे ठराविक क्रमाने शत्रू मारायचे, कोठे अमुक एक हालचाल करायची. नाण्यांवर चालणाऱ्या खेळांच्या दुकानात लोक वह्या ठेवू लागले. एकाने सापडलेले दुसऱ्यासाठी लिहून ठेवायचे. अनोळखी माणसे त्या वह्यांतून एकमेकांची मित्र झाली. याला मी नावे ठेवणार नाही. कोजागिरीच्या रात्री मुलांसाठी गच्चीवर वस्तू लपवून शोधायला लावणारा आजोबा मीच आहे.

पण वस्तू लपवणे निराळे आणि वजनकाटा लपवणे निराळे. भुयारात खजिना कोठे आहे ते सांगू नका. शोधू दे पोरांना. पण माझा वार किती लागतो, मला किती लागेल आणि मी पैसे मोजून वाढवलेल्या आकड्याने नेमके काय वाढते, हा काटा आहे. तो गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवला पाहिजे. भाजीवालीसुद्धा एवढे करते.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर आता माझ्या नातीची गोष्ट सांगतो. इथपर्यंत जे हसत आले असतील त्यांचे हसू इथे थांबावे.

गेल्या वर्षी भाऊबीजेला तिला अकराशे रुपये ओवाळणी मिळाली. ती फोनवर एक खेळ खेळते. त्यात रंगीत पेट्या विकत मिळतात. पेटीत काय निघेल ते उघडेपर्यंत कळत नाही. तिला एक पंखांचा पोशाख हवा होता. पेट्या शंभर-शंभर रुपयांच्या. आईच्या फोनवरून, आईला विचारून, तिने एक घेतली; मग 'यात नाही तर पुढच्यात नक्की' म्हणत, न विचारता, दहा. अकरा पेट्या उघडल्या आणि पंख निघाले नाहीत. तीन दिवस ती कोणाला काही बोलली नाही. पुढे सगळे उघड झाले तेव्हा रडत म्हणाली, "मी थांबले नसते तर बाराव्यात निघाला असता."

बारा वर्षांच्या मुलीने हे गणित कोठून शिकले? त्या पेटीनेच शिकवले. पोशाख निघण्याची शक्यता हजारात एक की शंभरात एक, हे तिला समजेल अशा भाषेत कोठेही लिहिलेले नव्हते. ती हजारात एक आहे असे कळले असते, तर ती मुलगी अकराशे रुपयांची पुस्तके घेऊन मोकळी झाली असती. इतकी अक्कल तिला नक्की आहे.

कोणी म्हणेल, दुकानदार एवढा लबाड नसतो, तुम्ही उगाच संशय घेता. त्याला दक्षिण कोरियाची हकीकत सांगतो. तिथे 'मेपलस्टोरी' हा मोठा लोकप्रिय खेळ आहे. त्यात 'क्यूब' नावाची एक वस्तू पैसे देऊन घेतली की योद्ध्याच्या हत्यारांचे गुण नशिबाने बदलतात. जानेवारी 2024 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने निकाल दिला की या खेळाच्या नेक्सॉन कंपनीने क्यूबच्या शक्यता ग्राहकांना न सांगता बदलल्या, आणि ग्राहकांना सर्वात हवे असलेले काही जोड निघण्याची शक्यता चक्क शून्य करून ठेवली. शून्य! लोक वर्षानुवर्षे पैसे टाकत होते, 'पुढच्या वेळी निघेल' म्हणत होते, आणि ते निघणारच नव्हते. आयोगाने सुमारे 1160 कोटी वॉनचा दंड ठोठावला. त्याच वर्षी मार्चपासून तिथे अशा शक्यता जाहीर करणे कायद्याने सक्तीचे झाले. चीनने ही सक्ती 2017 सालीच केली होती. बेल्जियमच्या जुगार आयोगाने 2018 मध्ये अशा काही पेट्यांना थेट जुगार ठरवले. जपानात 2012 सालीच पेट्यांतून पूर्ण संच जमवायला लावण्याच्या एका प्रकाराला सरकारने बेकायदा म्हटले होते. म्हणजे ही माझ्यासारख्या म्हाताऱ्याची किरकिर नाही. जगातल्या शहाण्या सरकारांनी हाच वजनकाटा ग्राहकाकडे वळवायला लावला आहे.

आपल्याकडे संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये कायदा करून पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. उत्तम झाले. ज्या घरांतला पगार रात्रीत गेला त्या घरांना विचारा. पण माझ्या नातीला पैसे जिंकायचेच नव्हते. तिला पंख हवे होते. तिची गोष्ट लहान आहे, अकराशे रुपयांची आहे, म्हणून ती कोणाच्या खिजगणतीत येत नाही. आणि अशा लहान गोष्टी घराघरांत घडतात म्हणून तो धंदा चालतो.

आता माझ्या मागण्या सांगतो, नाही तर मुलगा म्हणेल, बाबा नुसतेच ओरडतात. पहिली अशी, की खेळात जो आकडा वाढवायला सांगता तो काय करतो हे सरळ सांगा. दुसरी, शक्यता पडद्यावर दाखवत असाल तर खरी दाखवा, नाही तर दाखवूच नका. दयाळूपणे खेळ सोपा करायचा असेल तर विचारून करा. 'तुम्ही वीस वेळा मेलात, थोडे सोपे करू का?' असे विचारल्याने कोणाची अब्रू जात नाही. आणि जिथे एक रुपयाही घेता तिथे शक्यता रुपया घेण्याच्या आधी, ठळक, मराठीत लिहा, आणि पुढे बदललीत तर तेही लिहा. यात काही जगावेगळे नाही. बिस्किटाच्या पुड्यावरही वजन छापलेले असते.

एक मागणी आपल्या बाजूच्या लोकांकडेही आहे, म्हणजे आईबापांकडे आणि माझ्यासारख्या आजोबांकडे. मूल पडद्यासमोर हताश होऊन बसले की आपण दोनच गोष्टी करतो : यंत्र काढून घेतो, किंवा 'तुला जमत नाही तर सोड ना' म्हणतो. दोन्हींचा अर्थ मुलाला एकच कळतो, की तू कमी पडलास. त्याऐवजी शेजारी खुर्ची टाका आणि विचारा, "नियम काय आहे रे?" निम्म्या वेळा पोराला तो ठाऊक नसतो, आणि तो शोधता शोधता त्याचे त्यालाच कळते की आपण ढ नाही. हा प्रश्न पुढे त्याला फार उपयोगी पडणार आहे. नोकरीच्या करारावर सही करताना, कर्ज घेताना, विम्याचा कागद वाचताना, मेहनत करूनही पुढे जाता येईना असे झाले की स्वतःला शिव्या देण्याआधी त्याने हाच प्रश्न विचारावा. मला तो चहाच्या टपरीवर एका फिटरने शिकवला. माझ्या नातवाला एका राक्षसाने शिकवला. गुरू कोणीही चालतो.

आपल्या पुराणांना हे सगळे ठाऊक होते. कौरवसभेतल्या त्या डावात धर्मराजाला द्यूताची खोड होती, त्याने थांबायला हवे होते, हे आपण मुलांना सांगतोच. पण शकुनीचे फासे खरे होते असे कोणती आजी सांगते? आणि त्याच द्यूताला आपण दिवाळीत जागाही दिली. पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणतात. शंकर-पार्वती त्या दिवशी सारीपाट खेळले असे सांगतात. खेळ वाईट असता तर देवांना खेळायला लावले नसते.

यंदाच्या पाडव्याला आमच्या घरी एक बेत आहे. आळंदी आमच्या रस्त्यावरच पुढे आहे, आणि परंपरा सांगते की मोक्षपट हा सापशिडीचा खेळ ज्ञानेश्वरांनी रचला. त्या पटावरच्या सापांना काम, क्रोध, लोभ अशी नावे असतात आणि शिड्यांना सद्गुणांची. त्यातले साप काही सौम्य नाहीत. शेवटच्या ओळीतून थेट तळाला नेतात. पण प्रत्येकाचे तोंड कोठे आहे, शेपूट कोठे आहे आणि नाव काय आहे, हे कवड्या हातात घेण्याआधी दिसते. नात आणि मी मिळून पुठ्ठ्यावर तसा पट काढला आहे. तिने एका लांबलचक सापाला स्वतःच्या हाताने नाव दिले आहे : 'बारावी पेटी'.

नातवाने पुठ्ठा पाहिला आणि विचारले, "आजोबा, यात लपवलेला नियम काहीच नाही?"

मी म्हणालो, "एक आहे. हरणाऱ्याने सर्वांसाठी चहा करायचा."

"मग तो आधीच सांगितलात की."

"म्हणूनच सांगितला," मी म्हणालो, आणि सूनबाईंनी संगणकाच्या कपाटाची किल्ली मुकाट्याने टेबलावर आणून ठेवली.